अलास्का, मुलिनो आणि तैनाती फौजेची भीती

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. पाचच दिवसांनी, १ सप्टेंबरला, अलास्कातल्या फोर्ट वेनराइट इथे भारत-अमेरिकेचा ‘युद्ध अभ्यास’ सुरू झाला. मद्रास रेजिमेंटच्या बटालियनचे जवान त्यासाठी तिथे गेले होते. तो सराव आटोपायच्या आतच ६५ भारतीय जवान रशियातल्या निझनी नोव्हगोरोड भागात, मुलिनोच्या मैदानावर, ‘झापाद’ सरावात उतरले होते. मग आपल्याकडे वादाला तोंड फुटले. जो आपल्या कोळंबीवर आणि कपड्यांवर एवढा कर लादतो त्याच्याच अंगणात जाऊन बंदुका कसल्या चालवता, असे काहींनी विचारले. युक्रेनवर चाल करून गेलेल्या रशियाच्या मैदानात आपला तिरंगा कशाला, असे दुसऱ्यांनी विचारले. तिसरे म्हणाले, दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहण्यातच आपली हुशारी आहे. तिघेही एक गोष्ट गृहीत धरून बोलत होते. संयुक्त सराव म्हणजे जगाला दिलेला इशारा किंवा कुणाच्या तरी गळ्यात घातलेला हात, एवढाच त्यांच्या लेखी त्याचा अर्थ. आपले जवान तिथे काय शिकले, हा प्रश्न मला कुठल्याच चर्चेत ऐकू आला नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. संयुक्त सराव हे शिक्षण आहे, आणि शिक्षणाचे मोल जसे ठरते तसेच त्याचे ठरले पाहिजे. आपल्या सैनिकाच्या पदरात काय पडले आणि त्या बदल्यात आपण हातचे काय सोडले, एवढे दोनच हिशेब मांडायचे. या हिशेबाने पाहिले तर भारताने असे सराव वाढवले पाहिजेत, अधिक देशांशी केले पाहिजेत आणि आज करतो त्यापेक्षा अवघड केले पाहिजेत. ज्यांच्याशी आपले भांडण चालू आहे त्यांच्याशीसुद्धा.

शिक्षण म्हणजे नेमके काय, हे समुद्रात तेल भरून घेताना दिसते. तेलवाहू जहाज आणि युद्धनौका एकमेकींना समांतर, जेमतेम चाळीस-पन्नास मीटर अंतरावर, बारा-चौदा नॉटच्या वेगाने चालत असतात. दोन्ही जहाजांमधल्या चिंचोळ्या पट्टीत पाणी वेगाने धावते आणि जहाजांना एकमेकींकडे ओढू लागते. सुकाणूवरच्या माणसाचा एका अंशाचा हिशेब चुकला तर हजारो टनांची दोन धुडे एकमेकांवर आदळतील. आधी बंदुकीने एक बारीक दोरी पलीकडे सोडतात, तिला बांधून जाड दोर जातो, मग पोलादी तार, आणि त्या तारेवरून तेलाची नळी सरकत येते. ठरावीक झेंडा डोलकाठीवर अर्ध्यावर असेल तर ‘तयारी चालू आहे’, पूर्ण वर गेला तर ‘तयार आहोत’. संकट आले तर किती सेकंदांत नळी सोडायची आणि कुणी कुठल्या बाजूला वळायचे, हे दोन्हीकडच्या खलाशांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. दोन जहाजे एकाच नौदलाची असतील तर हे अंगवळणी पडलेले असते. जहाजे वेगवेगळ्या देशांची असतील, नळीचे तोंड वेगळ्या मापाचे असेल, हुकूम वेगळ्या उच्चारातल्या इंग्रजीत येत असतील, तर प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय ते जमत नाही. भारत-अमेरिकेच्या नौदलांनी सुरू केलेल्या ‘मलबार’ सरावात हे केले जाते. कागदावर सही करून ते येत नाही आणि युद्ध सुरू झाल्यावर शिकायला वेळ नसतो.

वेळ नसला की काय होते, याचा सर्वांत करुण दाखला २७ फेब्रुवारी १९४२ चा आहे. जपानी आरमार जावा बेटाकडे येत होते. ते अडवायला अमेरिका, ब्रिटन, हॉलंड आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांच्या ५ क्रूझर आणि ९ विनाशिका डच रिअर अॅडमिरल कारेल डोरमन यांच्या हाताखाली निघाल्या. चौघांची संयुक्त कमान उभी राहून दोन महिनेही झाले नव्हते आणि ही जहाजे कधी एकत्र सराव करून लढाईला उतरली नव्हती. समान सांकेतिक भाषा नव्हती. डोरमन यांचे हुकूम आधी इंग्रजीत करायचे आणि मग पुढे पाठवायचे, अशी व्यवस्था. लढाईच्या ऐन मध्यावर ब्रिटिश क्रूझर ‘एक्झिटर’च्या बॉयलरला गोळा लागला आणि ती रांगेतून बाहेर वळली. मागच्या जहाजांना वाटले, वळण्याचा हुकूम आला असेल आणि आपल्यालाच तो कळला नसेल. तीही वळली. रांग मोडली आणि डोरमन यांचे जहाज पुढे एकटे पडले. त्या रात्रीपर्यंत दोन क्रूझर आणि तीन विनाशिका बुडाल्या, डोरमनही गेले आणि दोन आठवडे उलटायच्या आत जावा पडले. जपान्यांचे टॉर्पेडो सरस होते आणि दोस्तांना विमानांचे छत्र नव्हते, हे खरे. पण ती रांग मोडली ती टॉर्पेडोमुळे नाही. चारही देशांचे खलाशी धीराचे होते, तोफा चांगल्या होत्या, शत्रू एक होता. त्यांना एकमेकांची भाषा तेवढी येत नव्हती.

सरावसुद्धा फुकट मिळत नाही. एप्रिल १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरण्याची रंगीत तालीम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चालू असताना जर्मन टॉर्पेडो बोटी अमेरिकी जहाजांच्या ताफ्यात घुसल्या आणि ७०० हून अधिक अमेरिकी बळी गेले. ताफ्याकडच्या हुकूमपत्रात टंकलेखनाची चूक होती, त्यामुळे अमेरिकी जहाजे एका रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आणि किनाऱ्यावरचे ब्रिटिश मुख्यालय दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर राहिले. इशारा पोचला नाही. कित्येक सैनिकांनी तरंगपट्टा छातीऐवजी कमरेला बांधला होता. पाण्यात पडल्यावर पाठीवरच्या ओझ्याने ते उलटे झाले आणि डोके पाण्याखाली गेले. त्यानंतर दोन्ही देशांच्या फ्रिक्वेन्सी एक केल्या गेल्या आणि प्रत्येकाला पट्टा बांधायला शिकवले गेले. ६ जूनला जे किनाऱ्यावर उतरले त्यांतले किती जण त्या शिकवणीमुळे वाचले, हे कुणी मोजलेले नाही.

आपल्या बाजूला युद्धाआधी त्सुनामी आली. २६ डिसेंबर २००४ ला हिंदी महासागर खवळला तेव्हा पोर्ट ब्लेअर आणि निकोबारमध्ये आपल्याच घरावर संकट होते. तरी भारतीय नौदलाची मदत श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियापर्यंत गेली. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा मदतीचा गट काही दिवसांत उभा राहिला. आज ज्याला ‘क्वाड’ म्हणतात त्याचे मूळ तिथे आहे. कुणाचे हेलिकॉप्टर कुठल्या बेटावर जाईल, कुणाचे रुग्णालय-जहाज कुठे नांगर टाकेल, हे ठरवायला बसलेले निदान काही अधिकारी एकमेकांना सरावांतून ओळखत होते. ‘मलबार’ १९९२ मध्ये सुरू झाला होता, तो काही उगाच नाही.

आता विरोधकांचे सर्वांत वजनदार म्हणणे. मराठी माणसाच्या मनात परक्या फौजेबद्दल एक जुनी जखम आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. कंपनीच्या ६ पलटणी पेशव्याच्या मुलखात कायमच्या राहणार, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा, आणि इतर सत्तांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत. ही तैनाती फौज. सोळा वर्षांत पेशवाई संपली. जो कुणी आज म्हणतो की दोस्तीच्या नावाखाली आलेली फौज पुढे धनी होऊन बसते, तो इतिहासाला सोडून बोलत नाही. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण वसईच्या तहातली कलमे समोर ठेवून पाहा. कायमची छावणी, तोडून दिलेला मुलूख आणि परराष्ट्र व्यवहारावरचा लगाम, या तिन्हींनी मिळून ती गुलामी झाली. अमेरिकेबरोबरचा २०१६ चा रसदपुरवठ्याचा करार पाहिला तर त्यात तळ नाही. इंधन आणि सुटे भाग एकमेकांना द्यायचे, पैसे नंतर चुकते करायचे, आणि प्रत्येक वेळी परवानगी घ्यायची. यातले कुठले कलम बाजीरावाने सही केलेल्या कागदाशी जुळते?

त्याच इतिहासाचे पुढचे पान मात्र आपण सहसा उघडत नाही. वसईनंतर नऊ महिन्यांच्या आत, २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसले कंपनीशी लढले. यशवंतराव होळकर बाजूला राहिले. पुढच्या वर्षी होळकर लढले आणि तेव्हा शिंदे-भोसले आधीच तह करून बसले होते. तिघेही एकाच शत्रूशी लढले, पण वेगवेगळ्या वेळी. शिंद्यांचे कवायती कंपू हिंदुस्थानातल्या उत्तम पायदळांपैकी होते. असईत त्यांच्या तोफांनी कंपनीच्या फौजेची जी दाणादाण उडवली ती कंपनीचा सेनापती वेलेस्ली शेवटपर्यंत विसरला नाही. पण त्या कंपूंची अधिकारीपदे परक्यांच्या हाती होती आणि कंपनीने जाहीरनामा काढताच बरेच युरोपीय अधिकारी ऐन लढाईच्या तोंडावर नोकरी सोडून गेले. शिंद्यांनी फ्रेंचांकडून कवायत शिकली यात चूक नव्हती. हुकूम देणारी माणसे आपली घडवली नाहीत, ही चूक होती. परक्याकडून विद्या घेणे आणि परक्याच्या हाती कमान देणे यातला फरक मराठ्यांनी फार महाग मोलाने शिकला आहे. आजच्या वादात नेमका तोच पुसला जातो.

दुसरा आक्षेप युरोपातला आहे आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. १९०६ पासून ब्रिटिश आणि फ्रेंच लष्करी अधिकारी गुपचूप बोलणी करत होते. यातून आपण कशालाही बांधले जात नाही, असे ब्रिटिश सरकार म्हणत राहिले. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी नोव्हेंबर १९१२ मध्ये फ्रेंच राजदूताला लेखी तसे कळवले. पण त्याच वर्षी दोन्ही आरमारांची अशी वाटणी झाली होती की फ्रेंच नौदलाचा भार भूमध्य समुद्रावर राहिला आणि फ्रान्सचा उत्तर किनारा ब्रिटिश आरमाराच्या भरवशावर उघडा पडला. ऑगस्ट १९१४ आला तेव्हा कागदावर बंधन नव्हते, पण फ्रान्सचा किनारा उघडा होता, आणि ब्रिटिश मंत्रिमंडळाला तो राखण्याचे आश्वासन द्यावे लागले. लष्करी सहकार्य हळूहळू पायात बेडी होऊन बसते याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. तरीही ती बेडी कशाची होती ते पाहा. एकत्र बोलण्याने, एकत्र नकाशे पाहण्याने ती पडली नाही. आपला किनारा दुसऱ्यावर सोपवून आपली जहाजे दुसरीकडे नेली, तिथे ती पडली. शिवाय ती बोलणी मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना कित्येक वर्षे ठाऊक नव्हती. म्हणून भारतासाठी कसोटी अशी: एखाद्या सरावामुळे आपण स्वतःचे एखादे काम करायचे सोडले का? बंगालच्या उपसागराची राखण कुणा दोस्तावर टाकली का? पाणबुड्या बांधायचे थांबवले का? ज्या दिवशी उत्तर ‘हो’ येईल, त्या दिवशी मीही विरोधकांच्या रांगेत उभा राहीन.

सरावाने आपले हात बांधले जातात का, याचा निकाल खरे तर ‘मलबार’नेच दिला आहे. १९९२ ला तो सुरू झाला आणि सहा वर्षांनी भारताने पोखरणला अणुस्फोट केले. अमेरिकेने रागाने सराव थांबवला. २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा आपली अण्वस्त्रे होती तिथेच होती. पुढे रशियाकडून ‘एस-४००’ क्षेपणास्त्र यंत्रणा घेऊ नका म्हणून अमेरिकेने दबाव आणला. ती यंत्रणा २०२१ पासून भारतात येऊ लागली आणि ‘मलबार’ही चालू राहिला. हात बांधलेला देश असा वागतो का?

तिसरा आक्षेप पुण्याच्या वेशीवरून येतो. औंधच्या लष्करी छावणीत २०१४ आणि २०१६ मध्ये चिनी सैनिक आले होते, ‘हँड इन हँड’ या सरावासाठी. त्या मालिकेतला सराव डिसेंबर २०१९ मध्ये मेघालयातल्या उमरोईला झाला आणि सहा महिन्यांत गलवानमध्ये आपले २० जवान मारले गेले. मग हातात हात घालून काय मिळाले, असे कुणी विचारले तर त्याचा संताप मला समजतो. माझाही तोच संताप आहे. पण हा दाखला खोडतो तो ‘सराव म्हणजे मैत्री’ हा समज, आणि तो समज मुळात खोडायलाच हवा होता. चिनी सैन्याशी झालेले ते सराव छोट्या तुकड्यांचे होते, दहशतवादविरोधी कारवाईच्या ठरावीक आखणीतले. त्यातून दोस्ती निघेल ही अपेक्षा राजकारण्यांनी आणि माध्यमांनी त्यांच्यावर लादली. त्याच औंधला मार्च २०१६ मध्ये ‘फोर्स १८’ झाला. अमेरिका, रशिया, चीन आणि जपान यांच्यासह १८ देशांचे सैनिक एका मैदानावर, विषय भूसुरुंग काढणे आणि शांतिसेनेचे काम. भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होते. तिथे कुणी कुणाचा मित्र झाला नाही, होणारही नव्हता. पण सुरुंग कसा निकामी करायचा याचे ज्ञान शत्रू-मित्र पाहत नाही.

चीनला डिवचू नका, हा याच आक्षेपाचा सौम्य अवतार. २००७ मध्ये बंगालच्या उपसागरात भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर यांचा मोठा ‘मलबार’ झाला. चीनने खुलासा मागितला आणि डाव्या पक्षांनी कोलकाता व चेन्नईहून विशाखापट्टणमला जथे काढले. डाव्यांचा मूळ प्रश्न, की सरकार संसदेला न सांगता कशात शिरते आहे, रास्त होता आणि आजही आहे. पण उपाय म्हणून आपण जे केले त्याचे फळ पाहा. ऑस्ट्रेलिया पुढे मागे सरला आणि नंतर तो यायला तयार झाला तेव्हा आपणच वर्षानुवर्षे त्याला बोलावले नाही, थेट २०२० पर्यंत. त्या काळात चीनशी सीमेवर डेपसांग झाले, डोकलाम झाले, गलवान झाले. सराव टाळून शेजाऱ्याची मर्जी मिळत असती तर ती या तेरा वर्षांत कुठेतरी दिसायला हवी होती.

मित्रही नेहमी मित्रासारखा वागत नाही. ७ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या ‘जॉन पॉल जोन्स’ या युद्धनौकेने लक्षद्वीपजवळ, आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, परवानगी न घेता संचार केला आणि तसे जाहीरही केले. आदल्याच नोव्हेंबरात दोन्ही नौदलांनी एकत्र ‘मलबार’ केला होता. भारताने हरकत नोंदवली आणि ती नोंदवायलाच हवी होती. सागरी कायद्याचा अर्थ दोन्ही देश वेगळा लावतात आणि लावत राहतील. याचा अर्थ सराव बंद करावा असा होत नाही, डोळे उघडे ठेवून करावा असा होतो. अमेरिकेत २००८ च्या ‘रेड फ्लॅग’ या हवाई सरावाला आपली सुखोई विमाने गेली तेव्हा त्यांची रडार केवळ सरावाच्या मोडमध्ये चालवली गेली. ही खबरदारी घेणारे वायुदल भाबडे नाही. गुपिते फुटतील हा धाक बरोबर आहे, पण त्यावरचा उपाय वायुदलाला आपल्या टीकाकारांपेक्षा आधी सुचला होता.

एक धोका मात्र आपल्या चर्चेत येतच नाही. सरावाच्या बुरख्याआड युद्ध येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने बेलारूसमध्ये संयुक्त सराव केला आणि त्याच फौजा कीव्हच्या दिशेने निघाल्या. उलट, निव्वळ सरावाला कुणी युद्धाची तयारी समजू शकतो. १९८६-८७ च्या ‘ब्रासटॅक्स’ने भारत आणि पाकिस्तानला काठावर नेले होते आणि तो तर आपला एकट्याचाच सराव होता. त्यातून शहाणपण घेऊन १९९१ मध्ये दोन्ही देशांनी मोठ्या सरावांची आगाऊ सूचना एकमेकांना देण्याचा करार केला. म्हणूनच मुलिनोला गेलेल्या आपल्या ६५ जवानांबद्दलचा आक्षेप मी सरसकट झटकत नाही. युक्रेनमध्ये ड्रोन आणि खंदकांची लढाई प्रत्यक्ष लढणाऱ्या सैन्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण तसे काही तिथे शिकायला मिळाले की नुसते संचलन आणि झेंडे झाले, हे आपल्याला कुणी सांगितलेले नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. सरावानंतर येणारी सरकारी पत्रके वाचून पाहा. परस्पर समज वाढली, सहकार्य दृढ झाले, खेळीमेळीच्या वातावरणात समारोप झाला. कुठे काय चुकले याचा एक शब्द नसतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी सातशे माणसे गमावून तरंगपट्ट्याची चूक शोधली. आपल्या चुका, कुणाचा जीव न जाता सापडलेल्या, निदान संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी यायला नकोत का? बंद दाराआड येऊ देत. आपले रेडिओ त्यांच्या रेडिओशी बोलले का? थंडीत कुठली उपकरणे बंद पडली? समोरच्याने आपल्याकडून काय शिकून नेले? मिझोराममधल्या वैरेंगटेच्या शाळेत अमेरिकी सैनिक जंगलयुद्ध शिकायला आले आहेत, म्हणजे आपण नुसते घेणारे नाही. आणि अलास्काहून परतलेला सुभेदार आता कुठे आहे? तो आपल्या पलटणीतल्या पोरांना तिथले धडे देतो आहे, की बदली होऊन भलत्याच कामाला लागला आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘मलबार’ पॅसिफिकमधल्या ग्वामला झाला. ५० टक्क्यांचे शुल्क तेव्हाही तसेच होते. भारताकडून गेली ती ‘सह्याद्री’ युद्धनौका, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. ती परत आली तेव्हा तिच्या नोंदवहीत काय होते, हे तिच्या कप्तानाला ठाऊक आहे. बाकी कुणी विचारले आहे का?